गुरुजी भिंतीतून गेले

ज्या मुलखाचा इतिहास-भूगोल मी उभा जन्म पोरांना शिकवला, त्याचं नाव माझ्या हयातीत दोनदा बदललं. नोकरीला लागलो तेव्हा आम्ही पश्चिम खानदेशात होतो आणि राज्य मुंबईचं होतं. मग महाराष्ट्र झाला, आम्ही धुळे जिल्हा झालो. निवृत्त होऊन आरामखुर्चीत जरा पाय पसरतो न पसरतो, तोच नंदुरबारचा वेगळा जिल्हा झाला. तापी मात्र होती तिथेच राहिली, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत. म्हणून मी पोरांना सांगायचो, नाव कच्चं राहिलं तरी चालेल, नदी पक्की पाहिजे.

आमचा धंदा बाहेरच्यांना सोपा वाटतो. भिंतीवर नकाशा टांगायचा, छडीने गावं दाखवायची, पोरांनी ती ओरडायची. पण आमच्या काळी भिंतीवर टांगायला नकाशा नसायचा आणि पुष्कळदा भिंतही नसायची. ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला एकच मंत्र दिला होता, ‘जवळून दूर’. आधी पोराला त्याचं घर काढायला लावायचं, मग घरापासून शाळेपर्यंतची वाट, मग गाव, मग तालुका, आणि तिसरीत गेल्यावर अख्खा जिल्हा. ज्याला स्वतःची वाट पाटीवर काढता येत नाही, त्याला सातपुडा काय कळणार? हा मंत्र मी इमानेइतबारे चाळीस-एक वर्षं पाळला. त्यानेच मला एकदा अशा जागी नेऊन उभं केलं की आजही भर दुपारी ती आठवली तर मी उठून दार उघडं आहे ना ते बघून येतो.

माझी पहिली नेमणूक धडगावच्या बाजूला, अक्राणीच्या डोंगरात झाली. तिकडे बदली म्हणजे शिक्षा, असं सपाटीवरचे मास्तर समजत. पोरं घरी पावरी बोलायची, माझी पुस्तकी मराठी ऐकून एकमेकांकडे बघायची. मी अंगणात माती कालवून डोंगर केले, नर्मदेसाठी चर खणला, गावं म्हणून खडे ठेवले. दित्या नावाचं एक पोरगं उठलं, वाळलेल्या पोकळ दुधी भोपळ्यात पाणी घेऊन आलं आणि त्याने ते माझ्या डोंगरावर ओतलं. पाणी नर्मदेकडे न जाता सगळं धडगावात साठलं. ‘गाव बुडालं,’ असं त्याने हाताने दाखवलं आणि पोरं लोळून लोळून हसली. मी मुकाट्याने डोंगर मोडून पुन्हा बांधला. तेव्हापासून माझा मातीचा कुठलाही नकाशा मी पाणी ओतून तपासल्याशिवाय पास केला नाही.

दोन-तीन वर्षांनी डोंगरातून सुटका झाली आणि मी तापीकाठच्या एका गावात आलो. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावात अजून या गोष्टीतल्या माणसांची नातवंडं नांदताहेत आणि माझ्यावर त्या गावाच्या भाकरीचे उपकार आहेत. प्रकाशा या तीर्थगावाच्या वरच्या अंगाला, कापसाचं काळंभोर शिवार, मातीच्या सपाट छपरांची धाब्याची घरं, असं गाव. इथली पोरं खानदेशी बोली बोलायची, ‘आहे’ला ‘शे’ म्हणायची. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरायची. देऊळ नदीच्या घाटावर आणि गाव जरा उंचावर. मधे मोठं सपाट माळरान, त्यातून शाळेची पायवाट यायची.

दिवाळीनंतर मी तिसरीच्या पोरांना पाट्यांवर घर ते शाळा वाट काढायला सांगितली. पाट्या बघितल्या आणि माझं डोकं फिरलं. प्रत्येक पाटीवर वाट गावातून निघून अर्ध्यावर आली की डावीकडे फुगायची, मोठा वळसा घ्यायची आणि पुन्हा सरळ व्हायची. एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी मान लांब करून ती उतरवली, हे उघड होतं. कॉपी हा आमच्या धंद्यातला जुना रोग. मी सगळ्यांना पाठीला पाठ लावून बसवलं आणि पुन्हा काढायला लावलं. पुन्हा तोच वळसा आला. मग एकेकाला देवळामागे नेऊन काढायला लावलं, तरी तोच.

‘इथे काय आहे?’ मी वळशाच्या पोटात बोट ठेवून विचारलं.

‘घर शे, गुरुजी.’

‘कोणाचं घर?’

‘काय माहीत. पन शे.’

मी रोज त्याच वाटेने यायचो. तिथे घर नव्हतं. झोपडं नव्हतं, पडकी भिंत नव्हती, दगडसुद्धा नव्हता. बोटभर गवत होतं आणि तेही गुरांनी खाल्लेलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मीसुद्धा रोज वळसा घालूनच येतोय. पायवाट जाते तिकडे पाय जातात, आपण कुठे विचार करतो?

मी पोरांना घेऊन माळाच्या गावाकडच्या टोकाला गेलो. भर दुपार, हिवाळ्याचं स्वच्छ ऊन, आसपास चिटपाखरू नाही. मी म्हणालो, ‘चला, इथून सरळ चाला. सरळ रेघ म्हणजे काय ते पायाने शिका.’ पोरं निघाली आणि त्या जागेपाशी आल्यावर पाणी खडकापाशी वळतं तशी डावीकडे वळली. मी ओरडलो, ‘सरळ म्हटलं ना!’

‘लोकेसना घरमाईन कसं जावानं, गुरुजी?’ पाटलाची नात विमल म्हणाली. ती वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात उलट बोलणारी. पण तेव्हा ती उलट बोलत नव्हती, लोकांच्या घरातून जा असं काही अचकटविचकट मी सांगितल्यासारखी लाजली होती.

मग मीच चालून दाखवलं. धोतराचा सोगा वर खोचला आणि गवतातून सरळ निघालो. मागे एक लहान पोरगी किंचाळली, ‘गुरुजी भीतमा घुसी गयात!’ आणि रडायला लागली.

आता मी जे लिहितोय ते आजवर घरात बायकोलाही सांगितलेलं नाही. मी त्या जागेत शिरलो आणि नदीचा आवाज थांबला. घाटावर धुणं बडवणाऱ्या बायका, वारा, मागची रडणारी पोरगी, सगळं एकदम दूर गेलं, उन्हातून घरात आल्यावर जातं तसं. चार-दोन पावलं चाललो असेन. पलीकडे निघालो आणि आवाज परत आले. मी स्वतःला समजावलं की जागा जरा खोलगट असेल, वारा वरून जात असेल. भूगोलाच्या मास्तराकडे असल्या गोष्टींना उत्तर तयार असतं.

पोरं मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती मी बाहेर आलो त्या जागेकडे बघत होती. विमलने हळूच विचारलं, ‘गुरुजी, मजार कोन शे?’

आत कोण आहे? मी म्हणालो, ‘मूर्ख, आत म्हणजे कशाच्या आत?’ पुढे आठवडाभर पोरं पाटी तपासायला देताना हात लांब करून द्यायची आणि माझ्या अंगाला लागणार नाही अशी उभी राहायची.

विमलचे आजोबा म्हणजे गावचे पाटील, दगाजी आप्पा. सत्तरीकडे झुकलेला ताठ म्हातारा, पांढरा फेटा, पायात करकरणारे जोडे. शाळेला खडू-फळ्यापासून पावसाळ्यात ओसरीच्या पत्र्यापर्यंत जे लागायचं ते त्यांच्या शब्दावर यायचं. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि ते स्वतः शाळेत आले. बाजेवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘गुरुजी, तठे काहीच नही शे. पोरेसले सरळ रस्ता शिकाडा.’

मी म्हणालो, ‘आप्पा, मी तेच शिकवतोय.’

‘मंग शिकाडा,’ असं म्हणून ते उठले. मी ओसरीत उभा राहून त्यांना जाताना बघत होतो. करकर जोडे वाजवत आप्पा माळावरून निघाले आणि त्या जागेपाशी येताच वळसा घालून उजवीकडे वळले.

आमच्या खानदेशात आखाजीला सासरी गेलेली प्रत्येक लेक माहेरी येते. अक्षय्य तृतीयेला तुम्ही काय करता ते तुमचं तुम्हाला ठाऊक, आमच्याकडे त्या दिवशी लिंबाच्या फांदीला झोके बांधतात, पोरी गाणी म्हणतात आणि घरोघरी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. त्या वर्षी आखाजीच्या सकाळी मी नदीवर निघालो तर त्या मोकळ्या जागेच्या कडेला एक म्हातारी बसली होती. समोर पाण्याने भरलेली कोरी घागर. गावातल्या सगळ्या झोक्यांकडे तिची पाठ होती.

मी वळसा घालून जाऊ लागलो तशी ती म्हणाली, ‘तुम्हीनच का गुरुजी? तुम्हीन मजार जाई उनात, पोरे सांगतस.’

मी काही बोलण्याआधी तिने पदर सावरला आणि विचारलं, ‘मन्ही माय दखायनी का तुम्हले?’

आपली आई दिसली का, असं ती मला विचारत होती. मी खाली बसलो. तिचं नाव केवळबाई, गाव तिला केवळमाय म्हणायचं. ही जागा तिचं माहेर. ती सहा-सात वर्षांची असताना मामाकडे गेली होती आणि मागे गावात गाठीचा ताप शिरला. तेव्हा प्लेगचं नाव निघालं की सरकारी माणसं येत, घरं उकरत, माणसांना उचलून छावणीत नेत. तापापेक्षा गावाला त्यांची धास्ती जास्त. पहिली गाठ केवळमायच्या घरी निघाली. गावाने ठरवलं, बोभाटा होऊ द्यायचा नाही. घराची दारं बाहेरून लावली, अडसर टाकले, वर बाभळीच्या काट्या रचल्या आणि सारं गाव शेतात झोपड्या बांधून राहायला गेलं. आत तिची आई होती, बाप होता, मोठा भाऊ किसन होता. गाव परत आलं तेव्हा घर शांत होतं. ते दार कोणी उघडलंच नाही. पावसाळ्यामागून पावसाळे आले, धाबं बसलं, माती वाहून गेली, लाकडं वाळवीने खाल्ली. काट्यांच्या बाजूने पडलेली वाट तेवढी राहिली.

‘माय, आता तिथे काही नाही,’ मी म्हणालो. ‘मोकळी जागा आहे. आत जाऊन बसा ना.’

‘मोकळी जागा मले बी दखास, गुरुजी. मी आंधळी नही शे.’ ती हसली. ‘पन दार बंद शे. ज्यासनी लायं त्यासनीच उघाडानं. मन्हा हातघाई ते उघडस नही.’ ज्यांनी लावलं त्यांनीच उघडायचं, तिच्या हाताने ते उघडत नाही.

लग्न झाल्यापासून प्रत्येक आखाजीला ती तापी ओलांडून येत होती आणि माहेरच्या दाराबाहेर बसून, घागर ठेवून, संध्याकाळी सासरी परत जात होती. गावातल्या बायका तिला भाकरी आणून द्यायच्या, पण कोणी काही बोलायचं नाही. ज्यांनी दारं लावली त्यांतले सगळे मरून गेले होते. उरले होते एकटे आप्पा, तेव्हाच्या पाटलाचा मुलगा, तेव्हा दहा-बारा वर्षांचे. ‘तो बी म्हातारा व्हयना, मी बी व्हयनू,’ केवळमाय म्हणाली. ‘एक डाव मजार जाई येसू, इतलंच शे मन्हं.’

एकदा आत जाऊन येईन, एवढंच. मी पोरांना जिल्ह्याचा इतिहास शिकवत होतो. राजे, लढाया, किल्ले, कोणी कोणाला कधी हरवलं, सगळं तोंडपाठ. आणि शाळेच्या वाटेवर हे घर होतं. ते कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं आणि तरी गावातल्या प्रत्येक पोराच्या पायांना ते माहीत होतं. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. पोरांच्या पायांना अजून काय काय माहीत असेल?

आप्पांना जाऊन सांगायची माझी छाती झाली नाही. पण पुढच्या वर्षी परीक्षेआधी मी देवळासमोर अख्ख्या गावाचा मातीचा नकाशा करायला घेतला. प्रत्येक पोराने आपापलं घर करायचं, ओल्या मातीचं, काडीने दार कोरून. मी फक्त नदी खणली आणि दिशा सांगितल्या. माळाचं काय करायचं याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर माळाच्या मधोमध एक घर उभं होतं. कोणी केलं विचारलं तर सगळी पोरं एकमेकांकडे बघू लागली. बाकीच्या घरांना दारं होती, या घराला नव्हतं. चारी बाजूंनी गुळगुळीत भिंत.

मोडावं का, असं एक क्षण मनात आलं. मी मोडलं नाही.

नकाशा पुरा झाल्यावर गावकऱ्यांना बघायला बोलावलं. बायकांनी आपापली घरं ओळखली, कोणाचा गोठा लहान झाला म्हणून भांडण झालं, एका म्हाताऱ्याने आपल्या आंब्यासाठी हट्ट धरून तिथे फांदी खोचून घेतली. मजा चालली होती. आप्पा आले. मी नेहमीप्रमाणे गावाच्या वरच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतलं, ते कसं नदीला मिळतं ते दाखवायला. पाणी गल्ल्यांतून उतरलं, माळावर आलं, त्या बिनदाराच्या घराशी दुभंगलं आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून नदीत गेलं. घर भिजलंसुद्धा नाही.

आप्पा बघत राहिले.

‘हाई कोनं करं?’ त्यांनी विचारलं.

‘आप्पा, तठे घर शे ना,’ विमल म्हणाली. ‘तुम्हीन बी ते फिरीसनच जातस.’

मला वाटलं आता म्हातारा भडकणार, शाळेचा पत्रा गेला आणि माझी बदली पुन्हा डोंगरात. आप्पांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते निघून गेले. नंतर आखाजीपर्यंत त्यांना वाड्यातून बाहेर पडलेलं कोणी पाहिलं नाही.

आखाजीला शाळेला सुट्टी होती, तरी मी गावातच थांबलो होतो. केवळमाय आली होती. वर्षभरात ती फार वाकली होती, घागर तिच्या डोक्यावरून उतरवायला दोन बायका लागल्या. ती नेहमीच्या जागी बसली. झोक्यावरच्या पोरी झोके सोडून माळाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे बाकीची पोरं. कोणी बोलावलं नव्हतं. ऊन चढलं होतं.

आप्पा आले. डोक्याला फेटा नव्हता. पोरांमधून वाट काढत ते केवळमायच्या पुढे जाऊन त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून उभे राहिले. मग वाकले आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून, जपून, काहीतरी बाजूला ओढू लागले. एकेक फांदी ओढायची, बाजूला टाकायची, पुन्हा वाकायचं. एकदा त्यांनी झटकन हात मागे घेतला आणि अंगठा तोंडात घातला. अंगठ्यावर रक्त होतं की नव्हतं ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, असं आता वाटतं.

काट्या संपल्यावर त्यांनी छातीच्या उंचीवर दोन्ही हात घातले, पाय रोवले आणि उचललं. मानेच्या शिरा फुगल्या. इतक्या म्हाताऱ्या माणसाला इतका जड अडसर एकट्याने उचलवणार नाही असं वाटून मी नकळत पुढे झालो, मग मला माझंच हसू आलं आणि लगेच गेलं. आप्पांनी अडसर काढून भिंतीला उभा केला.

‘हाई दार मन्हा बापनी लायं व्हतं,’ ते म्हणाले. ‘मांगलं मी लायं.’

मग ते मागच्या दाराकडे निघाले. सरळ गेले नाहीत. डावा हात बाजूला धरून, बोटं भिंतीवरून फिरवत, कोपऱ्याशी वळून, सगळ्या घराला फेरी घालत ते पलीकडे गेले. पोरं त्यांच्या बोटांकडे बघत होती. मागे पोचल्यावर आप्पा थांबले. त्यांचा आवाज आला, पण आपल्याशीच बोलल्यासारखा. ‘मजारथीन किसन हाका मारे. दगा, दार उघाड, म्हने. मन्हा जोडीदार व्हता तो.’

ते पुन्हा वाकले. हा अडसर लहान असावा, पोरगेल्या हातांना पेलेल असा. पण तो काढायला त्यांना पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

केवळमाय उठली. बायकांनी उचलून दिलेली घागर कमरेवर घेतली, डोक्यावर पदर घेतला, बुटक्या चौकटीखालून जाताना वाकतात तशी वाकली, पाय उचलला आणि आत गेली.

‘माय, मी उनू वं,’ ती म्हणाली.

तिच्या पुढच्या बोलण्यातलं मला काही ऐकू आलं नाही. ओठ हलत होते, ती इकडेतिकडे बघत होती, एकदा हसलीसुद्धा. पण आवाज बाहेर येत नव्हता, आणि मी तर हाकेच्या अंतरावर उभा होतो. काही वेळाने ती मागच्या बाजूला आली आणि तेवढं मात्र सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

‘भाऊ, बाहेर काब्र उभा? ये ना, पानी पी. मन्हं माहेर शे हाई.’

आप्पा उभे राहिले. मग त्यांनी खाली वाकून पायातले जोडे काढले, उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवले आणि आत गेले. तिने घागरीतून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते पाणी पिताना हा ताठ म्हातारा लहान पोरासारखा हुंदके देत होता. माझ्या शेजारी विमल रडत होती आणि मीही रडत होतो, ते लपवायचं मला कारण नाही.

पुढच्या आखाजीला केवळमाय आली नाही. पलीकडच्या तीरावरून ती गेल्याचा निरोप तेवढा आला. त्या दिवशी आप्पांनी स्वतः घागर भरून माळावर नेऊन ठेवली.

त्याच जूनमध्ये तिसरीला नवी पोरं आली, मी त्यांना पाट्यांवर वाट काढायला सांगितली. सगळ्यांची वाट सरळ आली. घर ते शाळा, रेघ जशी पट्टीने मारलेली. मास्तर म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगतो, मला कुठेतरी लागलं. वळसा होता तोवर घर होतं, आता पुढची पोरं कशावरून ओळखणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या वेळी मी देवळाच्या पायरीवर उभा राहून वाटेकडे बघत होतो. पोरं माळावरून सरळ येत होती, पाट्या वाजवत, एकमेकांना ढकलत. माळाच्या मध्यावर आलं की प्रत्येक पोर ढकलाढकली थांबवायचं, मान जराशी वाकवायचं आणि पाय उंच उचलून टाकायचं, उंबरा ओलांडताना टाकतात तसा. चार पावलं गप्प चालायचं, पुन्हा पाय उचलायचं, आणि मग परत दंगा.

सगळ्यात मागे बालवर्गातली एक चिमुरडी होती, नुकतीच शाळेत घातलेली. तिला कोणी काही सांगितलं असणं शक्य नव्हतं. ती दुसऱ्या उंबऱ्याशी थांबली, घरातून निघताना पोरं वळतात तशी मागे वळली आणि म्हणाली, ‘येस वं माय.’ येते गं, आई.

मग क्षणभर कान देऊन ऐकल्यासारखी उभी राहिली, मान हलवली, आणि पळत शाळेत आली.